नाट्यगृहात प्रयोग नसेल त्या दिवशी काय चालतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाट्यगृहांची दुरवस्था हा आपल्या पत्रस्तंभातला नेहमीचा विषय. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा, स्वच्छतागृहांजवळून जाताना नाकाला लावावा लागणारा रुमाल. तक्रारी खऱ्याच आहेत. पण खुर्च्या दुरुस्त झाल्यावर, ज्या दिवशी प्रयोग नसेल त्या दिवशी त्या वास्तूत काय चालायला हवं, हे कुणी फारसं विचारत नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: लग्न, मुंज, नाहीतर कुलूप.

माझी लेक अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की शहरात असते, म्हणून तिकडे जाणं होतं. तिथे 'नॅशनल हिस्पॅनिक कल्चरल सेंटर' आहे. राज्याच्या सांस्कृतिक खात्याचं हे केंद्र २००० साली सुरू झालं. 'अमेरिका म्हणजे पैसाच पैसा' असं कुणी म्हणण्याआधी सांगते, न्यू मेक्सिको हे तिथल्या गरीब राज्यांपैकी एक. १५९८ मध्ये स्पॅनिश लोक तिथे वस्तीला आले, १८२१ मध्ये तो मुलूख मेक्सिकोचा झाला, १८४८ मध्ये अमेरिकेने घेतला आणि राज्याचा दर्जा मिळायला १९१२ उजाडलं. आज तिथली जवळपास निम्मी वस्ती स्पॅनिश-मेक्सिकन वंशाची आहे. घरात आजी स्पॅनिश बोलते आणि नात इंग्रजीत उत्तर देते, हे दृश्य तिथे सर्रास दिसतं. आपल्या परदेशातल्या मंडळींना ते वेगळं सांगायला नको.

केंद्र आहे बरेलास या जुन्या कामगार वस्तीत. १८८० मध्ये रेल्वे आली, तिचे कारखाने इथे उभे राहिले आणि वस्ती त्यांच्यावर पोसली गेली. पुढे रेल्वेचं काम आटलं आणि १९७० च्या दशकात 'शहर सुधारणे'च्या नावाखाली वस्तीच्या दक्षिण टोकाची घरं पाडली गेली. त्याच बाजूला केंद्र बांधायचं ठरलं, तेव्हा एका वृद्ध बाईंनी आपलं घर विकायला साफ नकार दिला. शेवटी आराखडा बदलला आणि त्यांचं घर जागेवर राहिलं. संस्कृतीचं केंद्र उभारायचं म्हणून ती जगणाऱ्या माणसाला हुसकून लावायचं, हा विनोद तिथे टळला. आपल्याकडे तो टळेलच, अशी खात्री मला नाही.

आवारात एक गोल बुरूज आहे, ४५ फूट उंच. त्याच्या आतल्या भिंतीवर आणि छतावर मिळून सुमारे ४,००० चौरस फुटांचं भित्तिचित्र आहे. चित्रकार फ्रेडेरिको विहिल. काम जवळजवळ १० वर्षं चाललं आणि २०१० मध्ये पुरं झालं. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा इथे थोडं रेंगाळते. हे चित्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेलं आहे. अजिंठ्याला रंग लावले ते सुकलेल्या गिलाव्यावर. इथे उलटं. गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो आणि रंग त्यातच कोंडला जातो. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी चढवायचा. चुकलं तर तो तुकडा खरवडून नव्याने सुरुवात. खोडरबराला इथे जागाच नाही! विहिल ही विद्या लुसिएन ब्लॉक आणि स्टीफन डिमिट्रॉफ या दांपत्याकडून शिकले आणि ते दोघे मेक्सिकोचा नामवंत भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा याच्या हाताखाली काम केलेले. हाताची विद्या अशी माणसाकडून माणसाकडेच जाते. पण त्यासाठी कुणीतरी १० वर्षं भिंत, चुना आणि मजुरी पुरवावी लागते. ते काम एका सरकारी संस्थेने केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बाकी वर्षभर काय चालतं? तीन रंगमंच आहेत, त्यातलं मोठं थिएटर सुमारे ७०० आसनांचं. शहरात १९८७ पासून फ्लामेन्को या स्पॅनिश नृत्याचा महोत्सव होतो, त्याचे प्रयोग तिथे रंगतात. याच नृत्याचं शिक्षण शहरातल्या विद्यापीठात पदवीसाठीही घेता येतं. कलासंग्रहालय आहे. आवारातच स्पॅनिश भाषेचे वर्ग भरतात. जुन्या शाळेच्या इमारतीत ग्रंथालय आहे, तिथे लोक आपली वंशावळ शोधायला येतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या चोपड्यांत पणजोबांची सही सापडली की माणूस कसा हरखतो! तसा आनंद तिथे सरकारी ग्रंथालयात मिळतो आणि दक्षिणाही लागत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकन परंपरेत गेलेल्या माणसांसाठी घराघरांत वेदी मांडतात. फोटो, मेणबत्त्या, आवडीचे पदार्थ आणि झेंडूच झेंडू. आपण दसऱ्याला तोरणात ओवतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, हे मुलांना सांगितलं तर भूगोल आपोआप गोड होईल. शहराच्या दक्षिण भागात त्या दिवसांत झेंडूची मिरवणूकही निघते. ती वस्तीतली माणसंच काढतात.

तिथे सगळं गोडीगुलाबीने चालतं असं मात्र नाही. १५९८ मध्ये आलेल्या स्पॅनिश लोकांचा म्होरक्या ओन्याते याने १५९९ मध्ये आकोमाच्या मूळ रहिवाशांना जी शिक्षा दिली, त्यात २५ वर्षांवरच्या पुरुषांचा एक पाय तोडण्याचा हुकूम होता. काहींना तो पूर्वज म्हणून प्यारा, काहींना तो खुनी. २०२० च्या जूनमध्ये अल्बुकर्कीतल्या दुसऱ्या एका संग्रहालयाबाहेरच्या त्याच्या पुतळ्यावरून निदर्शनं झाली, गोळी चालली, एक जण जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी पुतळा हलवला गेला. विहिल यांच्या भिंतीवर मात्र स्पेनमधले मूर (म्हणजे तिथले मुसलमान) आणि ज्यूही आहेत, माया-अ‍ॅझ्टेकही आहेत. वारसा म्हटला की फक्त आपल्याच बाजूचे फेटे बांधायचे, ही सवय आपल्यालाही आहे. तेव्हा त्या भिंतीकडे आपण जरा नीट पाहिलेलं बरं.

आता मुद्दा पैशांचा. अल्बुकर्की शहरात १९७८ पासून आणि न्यू मेक्सिको राज्यात १९८६ पासून असा कायदा आहे की सार्वजनिक बांधकामाच्या पैशातला साधारण १ टक्का कलाकृतींसाठी ठेवायचा. शाळा असो वा कचेरी, चित्रकार-शिल्पकाराला तिथे रीतसर काम मिळतं. केंद्रातल्या मोठ्या थिएटरला देणगीदाराचं नाव दिलेलं आहे. नावं आपणही देतो, फक्त ज्याने दमडी दिली नाही अशाचीही देतो.

आमच्या जिल्ह्यात मिरजेला सतार आणि तंबोरे बनतात. भोपळे मंगळवेढ्याकडून येतात आणि जवारी काढण्यात, म्हणजे तारेचा नाद घुमावा म्हणून तिच्याखालची घोडी घासून बसवण्यात, उमर जाते. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुक झालं, फोटो छापून आले. पण कारागिराच्या पोराला हा धंदा पुढे न्यावासा वाटेल असं त्याने काय घडलं? शाल-श्रीफळावर घर चालत नाही. त्याच कारागिराला नाट्यगृहाच्या रिकाम्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस, मानधन देऊन, शिकवायला बसवा. शाळेच्या मुलांना तिथे आणा. मुलं भोपळ्याला हात लावतील, तार छेडतील, निम्मी कंटाळतील. दोघंचौघं पुन्हा येतील, तेवढी पुरेत.

म्हणून एक सुचवते. राज्यातल्या महापालिका आणि नगरपालिका नाट्यगृहांच्या दुरुस्तीला निधी मागतात, तेव्हा त्या खर्चातला १ टक्का स्थानिक कलावंत-कारागिरांच्या कामासाठी राखून ठेवणं शासनाने बंधनकारक करावं. आणि आपल्या वाचकांनी नगरसेवकाला खुर्च्यांबरोबर एवढंही विचारावं की नव्या अंदाजपत्रकात ग्रंथपालाचा आणि वर्षभराचे कार्यक्रम आखणाऱ्या पूर्णवेळ माणसाचा पगार धरला आहे का. नसेल तर का नाही, याचं उत्तर लेखी मागावं.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सांगली