रविवारचा मैदानी वर्ग: पालकांसाठी सूचना

सर्व पालक सभासदांना नमस्कार.

6 ते 10 वर्षांच्या मुलांचा मैदानी वर्ग येत्या रविवारी सकाळी 7.30 ते 10 या वेळेत आपल्या नेहमीच्या मैदानावर आहे. कृपया वेळेवर या. सुरुवात सावलीने होणार आहे: जमिनीत काठी रोवून मुलं तिच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवतील, मग दर अर्ध्या तासाने पुन्हा एक. सावली आखूड होत सरकताना स्वतः पाहिली की सूर्य आणि घड्याळाचं नातं वेगळं शिकवावं लागत नाही. उशीर झाला तर पहिलाच खडा हुकतो. मधल्या वेळात माती, काटक्या, पाचोळा घेऊन मोकळा खेळ.

• मळले तरी चालतील असे कपडे, बूट, टोपी, पाण्याची बाटली.
• मोबाइल आणि घरची खेळणी नकोत.
• कीटकदंशाची अ‍ॅलर्जी असल्यास आधी कळवा, औषध सोबत द्या.
• पानं-फुलं तोडायची नाहीत, पडलेलीच उचलायची.

दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं. थांबू शकणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव द्यावं. थांबणाऱ्यांना कळकळीची विनंती: मुलांनी उभारलेली काटक्यांची झोपडी कोसळली तर सावरायला धावू नका. ती पुन्हा कशी उभी करायची, यावर त्यांचं डोकं तेव्हाच खरं चालतं.

विजा कडाडत असतील तर वर्ग रद्द. नुसत्या रिमझिमीत होईल.