‘काय आणू?’ हे आधी विचारायला शिकवणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

गुडघ्यांमुळे दवाखान्यातल्या भेटी थांबवून तुम्ही त्या कामाची वही आपल्या चर्चच्या मंडळीच्या हाती दिलीत, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. ते सगळ्यांपुढे लिहितोय, कारण वहीत जे आहे ते सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही मंडळीला उपयोगी पडेल. नाव मात्र घालत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये (मत्तय ६:३), हे वचन तुम्ही किती जपता ते सगळ्यांना ठाऊक आहे.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचा दवाखाना सुरू केला. आजही जत, आटपाडी, सांगोला आणि पलीकडून, कर्नाटकातून, अथणी, चिकोडी, जमखंडीचे पेशंट उपचाराला मिरजेलाच येतात. पेशंटला बघायला डॉक्टर असतात, सिस्टर असतात. त्याच्यासोबत आलेला माणूस मात्र व्हरांड्यात चटईवर एकटा असतो, भाषा कन्नड, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तुम्ही सेवा सुरू केलीत ती त्या चटईपासून. त्याला काय हवं असतं? गरम पाणी, फोनचा चार्जर, आधार कार्डाची झेरॉक्स, रक्तपेढीचा रस्ता. आणि सगळ्यात जास्त हवी असते ती झोप. ‘मी पेशंटपाशी बसते, तुम्ही दोन तास पडा,’ हे वाक्य पाटीभर फळांपेक्षा मोठं आहे, असं तुम्ही वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय.

फळांबद्दलही तुम्ही बजावलंत, आणि ते सगळ्यांनी ऐकावं. मूत्रपिंडाच्या पेशंटला केळी आणि शहाळं यांतलं पोटॅशियम बाधतं. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या माणसाला मायेने पाजलेला घोटभर चहासुद्धा ऑपरेशन पुढे ढकलायला लावतो. अर्धांगवायू झालेल्याला गिळता येतं की नाही हे सिस्टरांनी तपासल्याशिवाय चमचा तोंडाशी न्यायचा नाही; पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. परवानगी मिळाली तर त्याला नीट बसतं करून छोटे घास द्यायचे आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. ओढायचं नाही, ओढल्याने कातडी सोलवटते. दोघांनी खालच्या चादरीसकट उचलून सरकवायचं. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या. लाल झालेली जागा चोळायची नाही, त्यावरचा भार काढायचा आणि सिस्टरांना दाखवायचं.

या सूचना शारीरिक वाटतात, पण त्यांच्या मुळाशी तुम्ही सांगितलेली एकच गोष्ट आहे: सेवा करताना आपली इच्छा बाजूला ठेवायची. आपल्याला फळं न्यायला आवडतं म्हणून न्यायची, आपल्याला बोलायचं असतं म्हणून बोलायचं, यात समोरचा माणूस कुठे आहे? म्हणून आधी विचारायचं, ‘काय आणू?’ उत्तर ‘काही नको’ आलं तर ते मानायचं. भेटीला दोघांनी जायचं, वॉर्डच्या सिस्टरांना विचारून. हात धुवायचे, खाटेवर बसायचं नाही, पंधरा मिनिटांत उठायचं. आजार कुठला, बिल किती, हे विचारायचं नाही. प्रार्थना समोरच्याला हवी असेल तरच, हळू आवाजात, दोन-तीन वाक्यांत. तो कुठल्याही धर्माचा असो, प्रार्थना ही मदतीची अट कधीच नसते.

‘देवाची इच्छा होती’ हे शब्द तुम्ही खाटेपाशी उच्चारू दिले नाहीत. याबद्दलचं तुमचं शिक्षण आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर त्यांचं बरोबर होतं (ईयोब २:१३). बिघडलं ते त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केल्यावर. गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ असं प्रभू म्हणाला ते स्वतःच्या दुःखाच्या प्याल्याविषयी. दुसऱ्याच्या दुःखावर झाकण म्हणून ती प्रार्थना त्याने कधी वापरली नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज तेच मागतो, तेव्हा आधी आपलाच हट्ट सोडायचा असतो.

मग देवाची इच्छा ओळखायची कशी? तुमची पद्धत साधी आहे. जे करायचं मनात आलं ते वचनाच्या विरुद्ध तर नाही ना, हे आधी बघायचं. मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना विचारायचं, तेही आपल्याला ‘हो’च म्हणतील अशांना नव्हे. एक रात्र जाऊ द्यायची. कोणालाच कळणार नसेल तरीही मी हे करीन का, हे स्वतःला विचारायचं. दार बंद झालं तर धडका मारत बसायचं नाही. प्रेषित पौलाला आशिया प्रांतात आणि बिथुनियात जाऊ दिलं गेलं नाही, तेव्हा तो मासेदोनियाला पोहोचला (प्रेषितांची कृत्ये १६). आणि शेवटचा प्रश्न: माझ्या सेवेची किंमत घरात कोण मोजतंय? सासूबाई सेवेला आणि सून दोघींचं काम ओढतेय, असं असेल तर थांबायचं. आपलं सगळं देवाला ‘कुर्बान’, म्हणजे वाहिलेलं, असं म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने खडसावलं होतं (मार्क ७:११). चर्चमध्ये या वचनावर फारसं कोणी बोलत नाही. तुम्ही बोललात.

‘निःस्वार्थ’ या शब्दाच्या नावाखाली माणसं झिजून जातात, चिडचिडी होतात, मग मदत घेणाऱ्यावर उपकाराचं ओझं टाकतात. म्हणून आठवड्याला दोनच पाळ्या, हा तुमचा नियम आम्ही मोडणार नाही. गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहा असं सांगून पुढे तीन वचनांवरच, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा असंही म्हटलंय. पेशंटची कूस बदलणं हे वाटून घेण्याचं ओझं. ऑपरेशन करायचं की नाही हा घरच्यांचा निर्णय. तो आपण घ्यायचा नाही.

पैशांचं थोडक्यात. रोख हातात द्यायची नाही, औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवून बिल भरायचं. नोंदीवर दोघांच्या सह्या. उरलेल्या न फोडलेल्या स्ट्रिप बिलासकट परत. उसने म्हणून द्यायचे नाहीत, द्यायचे ते देऊन मोकळं व्हायचं. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही विधवांच्या रोजच्या वाटपात तक्रार झालीच होती आणि त्यासाठी सात माणसं नेमावी लागली. भक्ती आणि हिशोब यांत वैर नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर वस्तीत चिखल असतो आणि मदत म्हणून जुन्या कपड्यांचे ढीग येतात. विचारलं तर लोक मागतात खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, गमबूट, नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, एक तवा. इथेही तोच प्रश्न कामी येतो.

मावशी, आता सेवा करून घ्यायची तुमची पाळी आहे. प्रभू शिष्यांचे पाय धुवत होता, तेव्हा पेत्रानेही आधी पाय पुढे करायला नकारच दिला होता. गुरुवारी दुपारी चार वाजता दोघी जणी तुमच्याकडे येतील आणि पंधरा मिनिटांत उठतील. फळं आणणार नाहीत. त्याआधी निरोप पाठवा: काय आणू?

प्रभूमध्ये तुमची,
मिरजेच्या मंडळीतली भेट-सेवेची मंडळी