आमच्या पोरीच्या हार्टच्या डॉक्टर मॅडमना, जाहीर थँक्यू

मॅडम,

समोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अहो चला चला, बाहेर पेशंट बसलेत" म्हणून हाकलता, म्हणून इथं लिहितेय, आता हाकलून दाखवा.

पोरगी दूध प्यायला लागली की कपाळ घामानं ओलंचिंब, दोन घोट घेतले की धाप, परत सोडून द्यायची, वजन तर वाढायचं नावच नाही. आणि रात्री छातीवर हात ठेवला की आत काहीतरी खरखर हाताला लागायचं, मांजर गुरगुरतं ना तसं. हे मी ज्याला त्याला सांगत होते. एकानं कफ आहे म्हणून वाफ द्यायला सांगितली, दुसऱ्यानं मोबाईलमधनं मान वर न काढता टॉनिक लिहिलं आणि वर मलाच म्हणाला तुमचं दूध पुरत नसेल, पहिलटकरणींना असंच वाटतं सगळं. झालं, सासूबाईंना तेवढंच पाहिजे होतं. त्यांचं आधीपासून चाललंच होतं की मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी तेच सगळं परत सांगितलं, खरं सांगते, आता ह्या पण हसणार असं धरूनच. तुम्ही स्टेथोस्कोप बाजूला ठेवला आणि म्हणालात, "कुठं लागतं खरखर? तुमचा हात ठेवून दाखवा." मी ठेवला. मग मी हात काढला तिथंच तुम्ही तुमचा तळवा ठेवला, डोळे मिटून थोडा वेळ गप्प बसलात, आणि म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. मलापण लागतंय." बास. एको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, नंतर झाला, व्हीएसडी, म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक हे नंतर कळलं, पण मी रडले ती त्या "मलापण लागतंय"ला. इतक्या दिवसांत मला कुणी खरं धरलंच नव्हतं हो.

मग तुम्ही मला सोडून सासूबाईंकडं वळलात, मोडक्यातोडक्या तेलुगूत! त्या जन्मभर बिड्या वळलेल्या बाई, डॉक्टरसमोर तोंड उघडत नाहीत, त्यांना तुम्ही सांगितलं की १००० बाळांमागं ८-९ बाळांना हार्टचा काही ना काही दोष जन्मतःच असतो, ग्रहणाचा आणि सुनेच्या दुधाचा काही संबंध नाही, बाळ दमतं कारण त्या भोकातनं जास्तीचं रक्त फुप्फुसात जातंय. तेव्हापासून घरात ग्रहणाचा विषय बंद आहे. ऑपरेशनपेक्षा हे अवघड होतं, आमच्या सासूबाई तुम्हाला माहीत नाहीत.

मी चिडून म्हणाले होते, जन्मली तेव्हाच का नाही कळलं कुणाला, तर तुम्ही त्या दवाखान्याची बाजू घेतलीत. म्हणे जन्मल्यावर फुप्फुसातला दाब जास्त असतो, भोकातनं फारसं रक्त जात नाही, आवाजही येत नाही, काही आठवड्यांनी दाब उतरला की त्रास सुरू होतो, त्यांची चूक नाही. बरं, त्यांची नसेल. पण टॉनिकवाल्याची आहे, तुम्ही मोठ्या मनाच्या, मी नाही.

ऑपरेशनचं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या कागदांचं, मुंबईच्या मुक्कामाचं काही लिहीत नाही, झालं सगळं नीट. पॅच बसला. पोरगी आता एका दमात पिते आणि वर आणखी मागते.

मागच्या फॉलोअपला मी विचारलं, आधी हात का ठेवता हो, तर तुम्ही हेलन टॉसिग बाईंचं सांगितलंत, अमेरिकेतल्या लहान मुलांच्या हार्टच्या डॉक्टर, ऐकू कमी यायला लागलं तर बोटांनी छाती चाचपून आतलं ओळखायच्या, आणि १९४४ साली निळ्या पडणाऱ्या बाळांवर पहिलं ऑपरेशन झालं ते त्यांच्याच कल्पनेतनं. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आमच्याकडं सोलापुरात, चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार केलेल्या कोटणीस डॉक्टरांचं नाव पोरासोरांना माहीत असतं, आता आमच्या घरात ह्या बाईंचं पण झालंय.

एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग एमडी, मग परत हार्टचं वेगळं, एवढं शिकून माणूस पुण्या-मुंबईला बसतो. तुम्ही सोलापुरात बसता, उन्हाळ्यात पण, लूमवरच्या कामगारांची आणि शेतातनं आलेल्या बायांची पोरं बघता आणि प्रत्येकीला आधी विचारता, तुम्हाला काय वाटतं सांगा. फीचा बोर्ड सगळेच लावतात, हे विचारणारं माणूस मला तरी दुसरं भेटलं नाही. आईला येडी न समजणं एवढं अवघड असतं का?

पुढच्या एकोला येतो. सासूबाईंनी शेंगाचटणी कुटून ठेवलीय, घेत नाही म्हणालात तर त्यांना तेलुगूत तुम्हीच सांगायचं.

तुमच्या पेशंटची आई