मुखवट्याखालची ओळ दुरुस्त करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर एका दिवाणखान्याचा फोटो होता. भिंतीवर लाकडी मुखवटा आणि खाली ओळ : ‘दुष्ट शक्तींना दूर ठेवणारा आफ्रिकन मुखवटा’. ती वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मोठ्या गोल डोळ्यांचा तो घाट लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टमध्ये राहणाऱ्या डान लोकांचा आहे. असा मुखवटा त्यांच्याकडे धावण्याच्या शर्यतीत घालतात. मुखवटा घातलेला गडी न घातलेल्याचा पाठलाग करतो. पळताना समोरचं दिसावं म्हणून डोळ्यांची भोकं एवढी मोठी. यात दुष्ट शक्ती कुठून आल्या? तिथून बऱ्याच पूर्वेला, बेनिन-नायजेरियात योरुबा लोकांचा गेलेदे हा मुखवट्यांचा नाच असतो, तो तर आयाबायांच्या, विशेषतः म्हाताऱ्या बायकांच्या सन्मानासाठी नाचतात. २००८ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. या दोन्ही गोष्टींना ‘आफ्रिकन’ हे एकच नाव पुरत नाही.

मी विद्युत अभियंता म्हणून १९९८ ते २००४ घानामध्ये, तेमा बंदराच्या गावी नोकरी केली. सुट्टीला अक्राच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या अबुरीला जायचो. तिथे रस्त्याकडेला मुखवटे कोरणाऱ्यांच्या छपऱ्या आहेत. सेसे नावाचं पांढरट, हलकं लाकूड ओलं असतानाच वाकसाने तासायला घेतात, मग पॉलिश पेपर, मग बुटाचं काळं पॉलिश. कपाळावर पितळी पत्र्याची पट्टी ठोकली की झालं. मी ज्याच्याकडे बसायचो त्या कारागिराने पहिल्याच दिवशी सांगितलं, “हे आमचे नव्हेत. आम्ही अकान. आमच्याकडे मुखवट्याचा नाच नाही, आमचा मान लाकडी बैठकीला.” खरंच आहे ते. अकानांपैकीच असलेल्या अशांतींच्या सोन्याच्या बैठकीत साऱ्या जमातीचा आत्मा आहे असं ते मानतात, आणि इंग्रज गव्हर्नरने ती मागितली म्हणून १९०० साली ‘या आसांतेवा’ नावाच्या राजमातेने युद्ध पुकारलं. मुखवटे तो कारागीर पाहुण्यांना विकण्यासाठी, शेजाऱ्यांचे घाट बघून कोरायचा. त्यात मला काहीच कमीपणा वाटला नाही. त्याच्या हाताची सफाई अस्सल होती आणि घर त्यावरच चालत होतं. वाईट वाटतं ते याचं, की तोच मुखवटा काळवंडून ‘दोनशे वर्षं जुना, पूजेतला’ म्हणून पुढे विकला जातो.

मी जव्हारचा. आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या गावच्या उत्सवात, गणपतीचं, नरसिंहाचं, त्राटिकेचं सोंग रात्रभर संबळावर नाचतं. मुखवट्याची आधी पूजा होते, मगच तो तोंडावर चढतो. उद्या परदेशातल्या एखाद्या घरात आमचा नरसिंह टांगला आणि खाली ‘आशियाई राक्षस’ लिहिलं, तर आम्हाला कसं वाटेल? डान माणसाला वेगळं वाटत असेल असं मला वाटत नाही.

मुखवटे घरात लावूच नका, असं मी म्हणत नाही. माझ्या भिंतीवर तीन आहेत. (पावसाळा सोसायचा तर ओलीच्या भिंतीला थेट टेकवू नका, मागे बुचाचे तुकडे लावा. दुसऱ्याच पावसाळ्यात माझ्या एका मुखवट्याखाली पिठासारखा भुसा पडू लागला होता.) घेताना विक्रेत्याला विचारा : घाट कोणत्या लोकांचा, कोरला कुठे, विकण्यासाठी की नाचण्यासाठी? उलटा करून आतली बाजू बघा. घालून नाचलेला असेल तर कपाळ-गाल टेकतात तिथे लाकूड घासून गुळगुळीत झालेलं असतं.

आपण त्या ओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. माझ्या तिन्ही मुखवट्यांच्या पाठीला मी चिठ्ठी चिकटवली आहे, म्हणजे नातवंडांची फसगत होणार नाही : ‘सेसे लाकूड. अबुरी, घाना, २००३. विकण्यासाठी कोरलेला. नाचलेला नाही.’

आपला,
एक निवृत्त अभियंता, जव्हार (जि. पालघर)