छिद्रांचा पत्रा आणि हवेचा हिशेब

पेडणे, गोवा

चि. मैथिली हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा अहवाल सावकाश वाचला. पत्र्याच्या बारीक छिद्रांतून हवा सोडल्यावर त्यावरून वाहणाऱ्या हवेचे घर्षण निम्म्याहून खाली आले, हे वाचून फार आनंद झाला. हे अशक्य मुळीच नाही; 1990 च्या दशकात नासाच्या क्लीव्हलंड येथील केंद्रात डॅनी ह्वांग यांनी केलेल्या प्रयोगांतही ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या प्रवाहात एवढी घट दिसली होती. मोठ्या प्रवासी विमानाच्या एकूण रोधापैकी जवळपास निम्मा रोध त्वचेवरील घर्षणाचा असतो, त्यामुळे हा विषय तू निवडलास याचे मला समाधान आहे.

कारणमीमांसाही तू नीट मांडली आहेस. पृष्ठभागाला टेकलेली हवा स्थिर असते आणि तेथून वर जाताना वेग जितक्या झपाट्याने वाढतो तितके घर्षण जास्त. खालून मंद हवा सोडली की ही वाढ सौम्य होते.

माझी शंका मोजमापाविषयी आहे. तू घर्षण थेट मोजलेले नाहीस. प्रवाहाच्या संवेगातील घट काढून तिच्यातून सोडलेल्या हवेचा वाटा वजा केला आहेस. म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची लहानशी वजाबाकी हेच तुझे उत्तर, आणि हवेच्या मापात थोडी चूक झाली तरी ते पार बदलते. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इतकी वर्षे कॉम्प्रेसर सांभाळल्यामुळे मला पहिली आठवण गळतीची होते. मीटरमधून गेलेली हवा पत्र्याखालच्या पेटीच्या गॅस्केटमधून निसटत असेल, तर तू ती छिद्रांतून गेली असे धरून जास्त वजाबाकी करशील आणि घर्षण आहे त्यापेक्षा कमी दिसेल. तेव्हा छिद्रे चिकटपट्टीने बंद कर, पेटीत दाब भर आणि प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचे पाणी लाव. कानाला न कळणारी गळतीही फुग्यांनी उघडी पडते.

पत्रा उलटा बसलेला नाही ना, हेही पाहा. ड्रिल ज्या बाजूने बाहेर पडते तेथे छिद्राच्या कडेला धातूची धार उठते, नखाला ती लगेच लागते. ती बाजू प्रवाहाकडे असेल तर पृष्ठभाग खडबडीत होतो. हवा बंद असताना छिद्रांच्या पत्र्याचे घर्षण गुळगुळीत पत्र्यापेक्षा बहुधा जास्तच असते, म्हणून तुलना गुळगुळीत पत्र्याशीच केली पाहिजेस.

शेवटी खर्चाचा रकाना अहवालात घाल. विमानात ही हवा इंजिनातून घेतली तर इंधन लागते. बाहेरून घेतली तर तिला विमानाच्या वेगाला आणण्याचा रोध सोसावा लागतो, आणि पृष्ठभागालगतचा मंद हवेचा थर जाड झाल्यामुळे दाबाचा रोधही वाढू शकतो. पुरवठ्याचा दाब तू कोठेच नोंदवलेला नाहीस. तो असल्याशिवाय निव्वळ बचत किती, हे सांगता येणार नाही. पुढच्या वाचनांत तो लिहून ठेव आणि चवथीला येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझे,
बाबा