बायोटेकवाल्यांना वकिलीचीही वाट आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीतला 'बायोटेक्नॉलॉजीनंतर काय?' हा लेख वाचला. एमएससी, पीएचडी, औषध कंपनीतलं क्वालिटी कंट्रोल, सगळं आलं. पेटंटचं नावही नाही. मी मायक्रोबायोलॉजीत एमएससी केल्यावर तीन वर्षांचं एलएलबी केलं, तेव्हा 'एवढं शिकून शेवटी काळा कोटच ना?' असं नातेवाइकांनी ऐकवलं होतं. त्यांना काय सांगणार, की पेटंट एजंट, म्हणजे संशोधकांचे पेटंटचे अर्ज तयार करून चालवणारा, व्हायचं तर कायद्याची पदवी लागतच नाही, विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची लागते! पेटंट कायद्याच्या कलम 126 मध्येच ते आहे. शिवाय दोन पेपर आणि तोंडी परीक्षा.

मग एलएलबी कशाला? एजंटला पेटंट ऑफिसात कंट्रोलरपुढे, म्हणजे अर्जाचा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, बाजू मांडता येते, पण पेटंट नाकारलं तर 2021 मध्ये आयपीएबी हे अशी अपिलं ऐकणारं मंडळ बंद झाल्यापासून अपील हायकोर्टात जातं. तिथे उभं राहायला सनद हवी.

विज्ञानाचा उपयोग कुठे होतो, याचं माझं आवडतं उदाहरण कोंबड्यांचं आहे. आमच्या घरी पोल्ट्री होती. गंबोरो या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस द्यायच्या दिवशी वडील पक्ष्यांना थोडा वेळ तहानलेले ठेवत आणि लसीच्या पाण्यात दूध पावडर मिसळत, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लसीतला विषाणू मारतं. म्हणजे ती लस जिवंत असते, हे मला शाळेतच माहीत होतं. पुढे डिमिनाको या स्विस कंपनीचा खटला वाचला. याच रोगाच्या लसीची प्रक्रिया होती. शेवटी तयार होणाऱ्या लसीत जिवंत विषाणू आहे, तेव्हा ही उत्पादनाची प्रक्रियाच नव्हे, म्हणून पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला होता. 2002 मध्ये कोलकाता हायकोर्टाने तो निर्णय फिरवला: उत्पादन जिवंत आहे एवढ्यावरून प्रक्रियेला पेटंट नाकारता येत नाही, विकता येण्याजोगी वस्तू तयार होते ना, हे बघा. कायदा शिकवणाऱ्या सरांनी तो खटला दोन ओळींत संपवला. मला मात्र ती पावडरची बादली दिसत होती, आणि लसीतला विषाणू मेला तर विकण्यासारखं काय उरतं, हा मुद्दा आपोआप सुचला.

दुसरी बाजूही सांगते. माझ्याकडे आलेल्या एका संशोधकाने जिवाणूचं सगळं काम आधीच परिषदेत पोस्टर लावून आणि प्रबंध वेबसाइटवर टाकून जाहीर केलं होतं. नावीन्यच उरलं नव्हतं, करण्यासारखं फार काही नव्हतं. गाइडनेही त्याला हे सांगितलं नव्हतं. नवा जिवाणू शब्दांत पुरेसा सांगता येत नसेल आणि तो इतरत्र मिळत नसेल, तर अर्जाआधी मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. असा संग्रह आपल्या पुण्यातच आहे, एनसीएमआर, म्हणजे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. त्याची माहिती कितीशा विभागांत असते?

हे काम सोपं म्हणून मी विकत नाहीये. सुरुवातीची वर्षं पगार बेताचा, वाचन अफाट, आणि अर्जातल्या दाव्यातल्या, म्हणजे शोधाची हद्द ठरवणाऱ्या वाक्यातल्या, एका 'किंवा'वर दुपार जाते. प्रयोगशाळेत ज्यांचे हात रमतात त्यांनी तिथेच राहावं. पण ज्यांना शोधनिबंधातला 'पद्धती' हा भाग निष्कर्षांपेक्षा जास्त आवडतो, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. पुढच्या पुरवणीत त्यांच्यासाठी पेटंट एजंटच्या परीक्षेचा अभ्यासक्रम तरी छापावा, ही विनंती.

– एक पेटंट एजंट व वकील, पुणे