वसईचे कागद वाचताना तारीख जपा

संपादक महाशय,

वसई-साष्टीच्या इतिहासासाठी आज अनेक हौशी मंडळी मोडी शिकत आहेत, घरोघरचे जुने कागद मिळवून वाचत आहेत. असे हात जितके वाढतील तितके हवेच आहेत. मात्र या कामात सर्वांत जास्त घोळ होतो तो तारखेचा, आणि तारीख चुकली की चांगले वाचनही वाया जाते.

अठराव्या शतकातल्या मराठी पत्रांत सन बहुधा अरबी शब्दांत असतो. 'तिसा सलासीन मया व अलफ' म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३९. हा शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पोर्तुगिजांकडची वसई मे १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती पडली, तिथे ६०० बरोबर. पण सरसकट ६०० मिळवले की १७३८च्या दसऱ्याचा कागद १७३९च्या दसऱ्याचा होतो, आणि मोहिमेच्या तयारीचे पत्र विजयानंतरचे ठरते! पत्रातल्या 'छ' या अक्षरापुढे येतो तो मुसलमानी तारखेचा दिवस व चांद्रमास. तो दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो, म्हणून जंत्री (तारखांचे कोष्टक) पाहिल्याशिवाय इंग्रजी तारीख लिहूच नये.

मुंबईकर इंग्रजांचे कागद जोडीला घेतले तर आणखी एक अडचण येते. पोर्तुगिजांनी नवी दिनदर्शिका १५८२ मध्येच स्वीकारली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे पोर्तुगीज कागदातला १६ मे १७३९ हा इंग्रजांच्या पत्रात ५ मे असतो. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले. त्यांचा फेब्रुवारी १७३८ म्हणजे आपला फेब्रुवारी १७३९.

म्हणून नोंदवहीत मूळ तारखेची ओळ जशीच्या तशी, काढलेली इंग्रजी तारीख आणि ती कशी काढली, असे तीन वेगळे रकाने हवेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा नसतो. उतरवताना तो 'सुधारू' नये. लागत नाही ते अक्षर अंदाजाने न भरता चौकटी कंसात रिकामे सोडावे. एक पान दोघांनी एकमेकांचे न पाहता वाचावे, फरक पडेल तिथे तिसऱ्याला विचारावे. हिशेबी कागदात आकड्यापुढच्या उभ्या रेघा आण्यांच्या असतात: एक रेघ चार आणे, दोन रेघा आठ. त्या ११ म्हणून वाचल्या की रक्कम कुठल्या कुठे जाते. 'साष्टी' दिसताच ठाण्याची की गोव्याची तेही तपासावे. त्या मोहिमेत मराठी फौजा दोन्हीकडे होत्या.

घरच्या कागदांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात नको. ते पुन्हा निघत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, शेजारी मोजपट्टी ठेवून पाठपोट फोटो घ्यावेत. फोटोच्या नावातच दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि पान यांचे क्रमांक घालावेत.

पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांत लिपीबरोबर कालगणनेचेही दोन तास ठेवावेत आणि शेवटी प्रत्येकाकडून शुहूर सनाच्या दहा तारखा सोडवून घ्याव्यात, ही विनंती.

मोडी वाचकांच्या एका अभ्यासगटातर्फे,
दादर, मुंबई